मैदानात आबा नाही

सदतिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कुणीतरी आबा म्हटलं. धुळ्यात, आमच्या क्लबच्या मैदानावर, सकाळी सकाळी मी हातात ग्लोव्हज चढवत होतो तेव्हा. म्हणणारा सतरा वर्षांचा, साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून आलेला पोरगा. मी भडकलो. म्हटलं, "आबा कोणाला म्हणतो रे? भाऊ म्हण." तो अगदी शांतपणे म्हणाला, "मना बाप तुमनापेक्षा धाकला शे." आता बापापेक्षा थोरल्या माणसाला तो भाऊ कसा म्हणणार? मुकाट्याने आबा झालो. आठवड्याभरात सगळा संघच आबा म्हणायला लागला.

आमचा क्लब लीगच्या दुसऱ्या गटात खेळतो. दुसरा गट म्हणजे काय ते खेळल्याशिवाय कळत नाही. मैदानावर गवत नसतं, मुरूम असतो. रेषा आखायला फक्की मारावी लागते, ती खेळाडूच मारतात, त्यामुळे पेनल्टीचा चौकोन कधी चौकोन नसतोच. गोलकीपरचे कोपर आणि गुडघे हंगामभर सोललेले असतात. एकोणीस वर्षं मी तिथे गोलमध्ये उभा राहिलो. आलो होतो मुक्ताईनगरकडच्या केळीच्या गावातून, धुळ्याला आयटीआय करायला. आयटीआय झालं, कापसाच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर नोकरी लागली, आणि मी राहिलो तो राहिलोच.

एकोणीस वर्षांत आम्ही एकदाही पहिल्या गटात गेलो नाही. दोनदा काठावर आलो आणि परत फिरलो. माझी इच्छा तेवढी एकच होती, आणि ती मी कुणापासून लपवली नाही. पहिल्या गटाचा एक सामना, गवताच्या मैदानावर, मागे खरी जाळी असलेल्या गोलमध्ये उभं राहून खेळायचा. एक सामना पुरे होता. लोक लग्नाचं, घराचं, पोराबाळांचं स्वप्न बघतात. माझ्या लग्नाच्या बैठकी तीनदा झाल्या आणि तिन्ही वेळा मुलीच्या मामानेच विचारलं, "फुटबॉल ते ठीक आहे, पण पुढे काय?" पुढे काय हे मलाही माहीत नव्हतं. मग बैठकी बंद झाल्या. गावी भावाचं घर आहे, वहिनी चांगली आहे, पण तिथे गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारीच मी पाहुणा होतो.

त्या वर्षी क्लबचे मोठे खेळाडू एकामागोमाग एक गेले. दोघं पुण्याकडच्या कंपन्यांत, एक सुरतेला, एकाच्या गुडघ्याने राम म्हटला. क्लबला इतकी वर्षं पैशाचा हात देणारे गृहस्थही थकले. नवे तयार खेळाडू आणायचे तर ते आधी काय देणार हे विचारतात. आमचे कोच म्हणजे नाना. साठी ओलांडलेले, शाळेतून व्यायामशिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी बैठकीत कपाळावरचा घाम पुसला आणि सांगून टाकलं, "औंदा बठ्ठा पोरेच खेळतीन. पोरेसले खेळाले भेटनं म्हंजे व्हयनं." म्हणजे यंदा सगळी पोरंच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मांगे एक मोठा माणूस पाह्यजे. तू ऱ्हाय."

मी राहिलो. मला वाटलं, नानांना माझी गरज आहे. तसं वाटणं फार सुखाचं होतं.

पोरं आली ती वसतिगृहातली. अकरावी-बारावीची, कुणी आयटीआयचं. बहुतेक डोंगराकडची. नानांचा हिशेब सोपा होता: बूट, नाश्ता, एसटीचं भाडं, एवढ्यात संघ उभा राहतो. खेळायला मिळालं की पोरांचं पोट भरतं असं त्यांना खरंच वाटायचं. पहिल्याच आठवड्यात खिचडीच्या पातेल्याचा तळ दिसला तेव्हा त्यांनी हात टेकले. पण पोरं पळायची मात्र काय! चढावर वाढलेली पावलं. नव्वद मिनिटं झाली तरी एकही कमरेवर हात ठेवून उभा राहायचा नाही. मला आबा म्हणणारा तो पोरगा स्टॉपर होता, म्हणजे बरोबर माझ्यापुढे खेळणारा. किडकिडीत, पण हवेतला चेंडू त्याच्या डोक्यावरून कधी गेला नाही.

आता पहिल्या सामन्याचं सांगतो. समोर शिरपूरकडचा संघ होता. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर आला, गर्दी झाली, चेंडू खाली पडला. मी त्यावर झेप घेतली. तेवढ्यात चेंडू मारायला आलेल्या आमच्याच स्टॉपरचा बूट माझ्या खांद्याला लागला. फार नाही, ओझरता. चेंडू माझ्या हातून निसटून हातभर लांब गेला. तो पोरगा तिथेच, चेंडूपाशीच उभा होता. एक लाथ मारली असती तर चेंडू सोनगीरच्या किल्ल्यावर गेला असता. पण त्याने काय केलं? तो खाली वाकला, माझ्या खांद्याला बोटं लावली आणि ती बोटं स्वतःच्या छातीला लावली. मोठ्या माणसाला पाय लागला की आपण करतो तसं. आणि विचारलं, "आबा, लागनं का?"

तेवढ्यात समोरच्या फॉरवर्डने चेंडू आरामात आत सरकवला.

मैदानाभोवती जी माणसं होती ती पोट धरून हसली. शिरपूरवाले गोल केल्याचा आनंद विसरून हसत होते. रेफ्रीनेही तोंड फिरवलं. नानांनी डोक्यावर हात मारून घेतला. सामना संपल्यावर त्यांनी त्या पोराला सगळ्यांसमोर उभं केलं. पोराने मान खाली घालून एवढंच सांगितलं, "मोठा माणूसले पाय लागना ना, नाना." नाना ओरडले, "अरे मोठा माणूस गया खड्डामा! बॉल देख ना!" मला हसू आलं. रागही आला. पण खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं होतं. कितीतरी वर्षांत "लागलं का" असं मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी नियम केला. "आठे आबाफाबा कोनी नही. मैदानमा बठ्ठासले तू." म्हणजे मलाही तूच म्हणायचं, आणि चेंडू आला की मोठ्याने ओरडून सांगायचं. गोलकीपरच्या मागून कोण येतंय ते बचाव करणाऱ्यांनीच सांगावं लागतं, गोलकीपरला पाठीला डोळे नसतात. सोड तर सोड, हट तर हट. तिथे "आबा, जरा बाजूला होता का" म्हणेपर्यंत गोल झालेला असतो.

पण पोरांच्या तोंडून ते निघेच ना. नानांनी त्यांना रांगेत उभं केलं, मी गोलमध्ये, आणि एकेकाने पुढे येऊन माझ्याकडे बघत "हट!" म्हणायचं. पहिला आला आणि ओठातल्या ओठात पुटपुटला. दुसरा "हटा" म्हणाला. तिसऱ्याने "हट" म्हणून वर "आबा" जोडलं आणि सगळी फिदीफिदी हसली. स्टॉपरची पाळी आली तेव्हा तो नुसताच उभा राहिला. घाम फुटला त्याला. मीच मग शिव्या द्यायला लागलो. "अरे म्हण ना! मले काय धाड भरली का? म्हण!" माझ्या 'मले'ला पोरं हसायची, कारण ती 'माले' म्हणतात. आमच्याकडची बोली त्यांना गमतीची वाटते, त्यांची मला. त्या हसण्यात त्याने कसंबसं "हट" म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

महिनाभराने पोरं ओरडायला लागली. मैदानावर फक्त. फक्कीची रेषा ओलांडून बाहेर आलं की पुन्हा आबा, पुन्हा तुम्ही. मी पाण्याच्या टाकीपाशी गेलो की तिथली पोरं गप्प व्हायची आणि बाजूला सरकून मला आधी पाणी द्यायची. नाश्त्याला मला पहिलं ताट. क्रूझरमधून सामन्याला जाताना मला पुढची सीट, आणि मागे अकरा-बारा पोरं एकमेकांच्या मांडीवर बसून गाणी म्हणत, कुणाच्या तरी मोबाईलवर काहीतरी बघत खिदळत. मी मान वळवली की मोबाईल खाली. एकदा मी मुद्दाम मागे बसलो. पारोळ्यापर्यंत कुणी शब्द बोललं नाही. बिचारी अवघडून बसली होती. पारोळ्याला चहा घेतला आणि मी आपला पुन्हा पुढे जाऊन बसलो. मागे लगेच गाणं सुरू झालं.

मान मिळतो तेव्हा तो नको म्हणता येत नाही, आणि घेतला की त्याच्याबरोबर एकटं बसावं लागतं. मला पोरांचा राग नव्हता. मला त्यांच्यात बसायचं होतं, एवढंच. माझ्या जुन्या संघात आम्ही एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार करत जेवायचो. ते सगळे आता फोटो पाठवतात, पोरांच्या वाढदिवसाचे, नव्या गाडीचे. मी अंगठा पाठवतो. संध्याकाळचा सराव संपला की पोरं हसत वसतिगृहाकडे जायची आणि मी देवपुरातल्या माझ्या खोलीवर. कुकरला एकाच माणसाचा भात लावताना तो नेहमी जास्त होतो. एकोणीस वर्षांत मला ते माप जमलेलं नाही.

संघात दुसरा गोलकीपर होता, सोळा वर्षांचा. त्याला मीच शिकवत होतो. चेंडू छातीशी कसा घ्यायचा, मुरमावर पडताना कुठल्या बाजूने पडायचं, पेनल्टी मारणाऱ्याच्या पायाकडे न बघता कमरेकडे का बघायचं. पोरगा हुशार. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. सरावात तो वरच्या कोपऱ्यातले असे चेंडू काढायचा, की मी त्या वयात काढले नव्हते आणि आता तर स्वप्नातही काढले नसते. नाना कधीकधी विचारायचे, "कसा शे पोऱ्या?" मी म्हणायचो, "चांगला आहे. पण अजून वेळ आहे त्याला." तो हंगामभर बाकावर बसला. सामना संपला की माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन यायचा आणि "भारी धरला आबा तो" असं काहीतरी म्हणायचा. मी त्या कौतुकावर विश्वास ठेवायचो. आता लाज वाटते त्याची.

कारण मला सगळं दिसत होतं. खाली पडलं की उठायला वेळ लागत होता. उंच चेंडूसाठी पुढे धावताना पहिल्या दोन पावलांत जो जोर असायचा तो गेला होता. पण आम्ही जिंकत होतो ना! पोरं पुढे इतकी पळत होती, आणि तो स्टॉपर माझ्यापुढे इतकं निस्तरत होता, की माझ्यापर्यंत चेंडू फारसा यायचाच नाही. जानेवारीच्या शेवटी आम्ही तक्त्यावर दुसरे होतो. फेब्रुवारीत पहिले. चौकात चहावाला ओळख दाखवायला लागला. वजनकाट्यावर कापसाच्या गाड्या मोजताना मी मनातल्या मनात गवताच्या मैदानावर उभा असायचो. एकदा त्या नादात एका गाडीचं वजन दोनदा लिहिलं आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या.

शेवटचा सामना जळगावात होता. बरोबरी झाली तरी आम्ही वर जाणार होतो, हरलो तर जळगाववाले. मार्चचं ऊन, मुरूम तापलेला, आणि त्यांच्या बाजूने दोनेकशे माणसं जमलेली. आमच्या बाजूने नाना, दुसरा गोलकीपर, आणि क्रूझरचा ड्रायव्हर. पहिल्या हाफमध्ये आम्ही एक गोल केला. दुसऱ्यात त्यांनी फेडला, तो चेंडू माझ्या हाताखालून गेला. स्टॉपरने चेंडू गोलमागून आणला आणि मध्यावर नेऊन ठेवला. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही. मला तेव्हा वाटलं, घाईत असेल.

शेवटची पाच-सात मिनिटं राहिली होती. उजवीकडून त्यांचा उंच चेंडू आला, गोलपासून बराच पुढे. मी ओरडलो, "माझा!" आणि निघालो. दोन पावलं टाकली आणि मला कळलं, पोचत नाही. पण गोलकीपर एकदा निघाला की त्याला परत फिरता येत नाही, मध्येच अडकतो. समोरून त्यांचा उंच फॉरवर्ड धावत होता. मागे गोल उघडा. आणि तेवढ्यात माझ्या कानाशी आवाज आला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा:

"हट रे! तुनाघाई व्हवाव नही!"

हट, तुझ्याने होणार नाही. आणि त्याच क्षणी त्याने दोन्ही हातांनी मला मागून ढकललं. मी मुरमावर आडवा. पडल्या पडल्या बघितलं, तो माझ्यावरून उडी मारून गेला, त्याचा बूट माझ्या पोटरीला घासून गेला, आणि त्याने डोक्याने चेंडू थेट मैदानाबाहेर घालवला. वाकला नाही, छातीला बोटं लावली नाहीत, लागलं का विचारलं नाही. पुढच्या थ्रोसाठी सगळ्यांना जागा दाखवत होता. मी उठलो आणि गोलमध्ये परत गेलो. उरलेल्या वेळात माझ्याकडे चेंडू आलाच नाही.

शिट्टी वाजली. बरोबरी. आम्ही वर गेलो होतो. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, नाना मैदानात पळत आले, साठीचा माणूस पळताना कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. मीही दोन्ही हात वर केले. एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य वाजत होतं. नियमाने शिकवलेला शब्द "हट" एवढाच होता. पुढचं कुणी शिकवलेलं नव्हतं.

स्टॉपर गर्दीतून निघून माझ्याकडे आला. चेहरा रडवेला. पाया पडायला वाकला, मी त्याचा दंड धरला.

"आबा, चुकनं मनं," तो म्हणाला. "घाईमा तोंडमातून निंघी गयं."

"खोटं होतं का?"

तो पायाने मुरूम उकरत राहिला. मोठ्या माणसाला खोटं सांगता येत नव्हतं आणि खरंही.

मी म्हटलं, "आपण अजून मैदानात आहोत. रेषेच्या आत. आबा नाही इथे. नीट सांग."

त्याने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्वच्छ होता.

"तू आते थांब," तो म्हणाला.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला पोरांकडे पाठवलं. हंगामभर मला हवं होतं ते हेच, त्यांनी माझ्याशी आपल्यातल्या एकासारखं बोलावं. मिळालं ते असं. पण रागावण्यासारखं पोराने काही केलं नव्हतं.

नाना बाकावर बसून रुमालाने मान पुसत होते. पलीकडे पोरं बाटलीतलं पाणी एकमेकांच्या अंगावर उडवत होती, त्यात दुसरा गोलकीपरही होता. मी नानांच्या शेजारी बसलो आणि ग्लोव्हज काढता काढता सांगितलं, "नाना, पहिल्या गटात पोराला उभं करा. मी नाही खेळत."

मला वाटलं, नाना नको म्हणतील. निदान एकदा तरी म्हणतील. थोडी मनधरणी होईल, एखादा सामना तरी खेळ म्हणतील, आणि मग मी नाही नाही म्हणत एक सामना खेळेन. मी त्याची वाट बघत थांबलो होतो, हे आता कबूल करतो.

नानांनी मोठा श्वास सोडला. एखादं ओझं खाली ठेवल्यावर सोडतात तसा. "बरं व्हयनं तूच बोलना," ते म्हणाले. "दिवाळीपशी मन्हा मनमा व्हतं. बठ्ठासले दिखी राह्यनं व्हतं."

दिवाळीपासून. म्हणजे सगळा हंगाम. पोरांना दिसत होतं, नानांना दिसत होतं, बाकावर बसलेल्या त्या सोळा वर्षांच्या पोरालाही दिसत होतं, आणि तरी तो मला पाणी आणून देत होता.

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते पोरांकडे बघत होते. रुमालाची घडी करत हळूच म्हणाले, "कसं सांगतू रे? तुले दुसरं काय शे?"

मी उत्तर शोधलं. नोकरीचं नाव घ्यावंसं वाटलं, मग भावाच्या घराचं, मग खोलीचं. पण नाना उत्तरासाठी थांबले नव्हते. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि पोरांना गाडीत बसायला सांगायला निघून गेले.